इंजिनातील ओलावा : आधी निदान, मग पाना



या पानावर एरवी आपण लागण, खोडवा, पाचट, हुमणी यांविषयी बोलतो. या खेपेचा विषय जरा निराळा, तरी उसाच्याच वाटेवरचा आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते आणि साखरही उतरते, हे आपण जाणता. म्हणूनच तोडीनंतर चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असा आमचा धोशा असतो. पण ट्रॉली भरून उभी आहे आणि ट्रॅक्टरचे इंजिन फिटरने उघडून ठेवले आहे, अशी पाळी आली तर त्या धोशाला काय अर्थ? हंगामात ट्रॅक्टर चार दिवस बसला की भाडे बुडते, टोळी बसून राहते आणि हप्त्याची तारीख काही पुढे सरकत नाही.

थंडीच्या तोंडी शिवारात हमखास ऐकू येणारी एक तक्रार अशी : "साहेब, ऑइलच्या झाकणाला आतनं पांढरं लोणी आलंय. हेड उतरवायला लागतंय म्हणतात." यातल्या काही गाड्यांचे हेड खरोखर उतरवावे लागते. पण काहींना फक्त झाकण पुसून गाडी नीट तापवण्याची गरज असते. उलट काही जण "थंडीचं आहे हो, चालतंय" म्हणून गाडी तशीच दामटतात आणि शेवटी क्रँक-बेअरिंगचा खर्च अंगावर घेतात. एकाने विनाकारण इंजिन उघडले, दुसऱ्याने कारण असून उघडले नाही. दोघांचेही नुकसान निदान न केल्यामुळे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. तेव्हा पान्याला हात घालण्याआधी घरच्या घरी काय पाहता येते, ते क्रमाने पाहू.

इंजिनात पाणी येते कोठून?

पाणी चार वाटांनी येते. वाट ओळखली की निम्मे निदान झाले.

पहिली वाट जळणाची. ऐकून नवल वाटेल, पण एक लिटर डिझेल किंवा पेट्रोल पूर्ण जळले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार होते. तेलातला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी मिळतो, त्याचे हे पाणी. अर्थात ते वाफेच्या रूपात असते आणि बहुतेक सगळे सायलेन्सरवाटे निघून जाते. सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी पाण्याचे थेंब दिसतात, ते हेच. पण पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्येही उतरतो. नव्या इंजिनात कमी, झिजलेल्या इंजिनात जास्त. त्या गॅसबरोबर वाफही खाली जाते.

आता भाताच्या भांड्यावरचे झाकण आठवा. भांडे गरम, झाकण गार, म्हणून वाफ झाकणाला लागून थेंब धरते. इंजिनातही तसेच होते. टॅपेट कव्हर, ऑइल भरायचे झाकण, कांडीच्या नळीचे वरचे टोक ही सर्वांत गार ठिकाणे. वाफ तिथे थिजते, ऑइलशी घुसळली जाते आणि ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका-पिवळट थर धरतो. इंजिन चांगले तापले तर हे पाणी पुन्हा वाफ होऊन ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर पडते. तापलेच नाही तर ते आतच साचत जाते.

थोडा हिशेब करू. समजा, वस्तीवरून होटगी स्टेशनपर्यंत जीप रोज चार-पाच किलोमीटर जाते आणि येते. दोन्ही फेऱ्या मिळून अर्धा-पाऊण लिटर डिझेल जळाले, म्हणजे तेवढेच पाणी तयार झाले. त्यातला शंभरावा हिस्सा जरी चेंबरमध्ये राहिला असे धरले, तरी रोजचे पाच-सात मिलिलिटर झाले. महिन्याला पेलाभर! चेंबरमध्ये ऑइल पाच-सहा लिटर असते, त्यात हा पेला. रोज तापणाऱ्या गाडीला तो कधीच साचत नाही, अर्धवट तापणाऱ्या गाडीला साचतो.

दुसरी वाट रेडिएटरच्या पाण्याची. हेडचे गॅस्केट जळाले, हेडला तडा गेला, लायनरच्या खालच्या रबरी रिंगा कुजल्या किंवा ऑइल कूलर फुटला, तर थंड करण्यासाठीचे पाणी सरळ ऑइलमध्ये उतरते. हा खरा आजार. इथे हयगय नको.

तिसरी वाट बाहेरून येणाऱ्या पाण्याची. ट्रॅक्टरचा सायलेन्सर आभाळाकडे तोंड करून उभा असतो. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर झाडाखाली लावला आणि सायलेन्सरवर डबा घालायचे राहिले, तर वळवाचे पाणी त्यातून उतरून, ज्या सिलिंडरचा व्हॉल उघडा राहिला असेल त्यात जाऊन बसते. पूर आणि ओढ्याचे पाणी हेही याच वाटेतले.

चौथी वाट टाकीची. अर्धी रिकामी टाकी, दिवसा ऊन आणि रात्री गारवा, यामुळे आतल्या हवेतला दमटपणा टाकीच्या पत्र्याला थेंब धरतो. त्यात उघडा कॅन, गंजलेले बॅरल आणि पावसात भरलेले डिझेल यांची भर पडते. हे पाणी ऑइलमध्ये जात नाही, डिझेल पंप आणि नोझलला मारते. त्याची लक्षणे निराळी असतात.

ओलाव्याने बिघडते काय?

क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ पापुद्रा असतो आणि सगळा भार त्यावर तोलला जातो. ऑइलमध्ये पाणी मिसळले की तो पापुद्रा तुटतो, धातू धातूला घासतो. शिवाय ऑइलमध्ये झीज आणि गंज थांबवणारी द्रव्ये घातलेली असतात, ती पाण्यामुळे निकामी होतात. जळणातले आम्लधर्मी वायू पाण्यात विरघळून बेअरिंगचा मऊ धातू खातात. पाणी, काजळी आणि ऑइल यांचा काळा गाळ होतो आणि तो ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. इंजिन मात्र चालूच राहते, म्हणून मालकाला काही कळत नाही. कळते तेव्हा आवाज सुरू झालेला असतो.

निदानाच्या सात पायऱ्या

पायरी पहिली : गाडी कशी वापरली, ते आठवा. वैद्य आधी खाणेपिणे विचारतो, तसेच हे. गेल्या महिन्यात गाडी सलग अर्धा-पाऊण तास ओझ्यावर चालली का? की नुसत्या चार-चार किलोमीटरच्या खेपा झाल्या? महिनाभर उभी होती का? मध्ये कधी पाणी उकळले का, काटा लाल घरात गेला होता का? गाडी एकदा जबर तापली असेल तर हेड आणि गॅस्केटवर संशय आधी घ्यावा.

पायरी दुसरी : तीन ठिकाणी पाहा. झाकण, कांडी आणि तळ. सकाळी, रात्रभर गाडी सपाट जागी उभी राहिल्यानंतर, आधी ऑइल भरायचे झाकण काढून आतून बघा. मग कांडी काढा. पांढरा थर फक्त झाकणाला आणि कांडीच्या वरच्या भागाला असेल, पण कांडीचे टोक जिथे ऑइलमध्ये बुडते तिथले ऑइल स्वच्छ काळे वा सोनेरी असेल, तर बहुधा जळणाचाच ओलावा आहे. कांडीच्या टोकावरच चहात दूध टाकल्यासारखा रंग दिसला, तर प्रकरण गंभीर आहे. शेवटी चेंबरचा खालचा नट स्वच्छ भांडे धरून दोन-तीन आटे अगदी सावकाश ढिला करा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून रात्रभरात खाली बसलेले पाणी आधी बाहेर येते. थेंब-दोन थेंब आले तर पुढच्या पायऱ्या पाहा. चमचाभराहून अधिक सरळ पाणीच आले तर गाडी सुरू करू नका. मात्र इथे काही आले नाही म्हणजे पाणी नाहीच असे समजू नये, कारण घुसळून मिसळलेले पाणी खाली बसत नाही.

पायरी तिसरी : ऑइलची पातळी. चांगल्या इंजिनात पातळी हळूहळू उतरते, कधी चढत नाही. न घालता पातळी वाढली म्हणजे बाहेरून काहीतरी आत येत आहे. ते पाणी असेल किंवा डिझेल असेल. डिझेल पंपाचे सील गेले तरी पातळी वाढते, पण तेव्हा ऑइल पांढरे न होता पातळ होते आणि त्याला डिझेलचा वास येतो. दोन्ही गोष्टी वाईट, पण दुरुस्ती वेगळी. म्हणून वास घेऊन पाहावा.

पायरी चौथी : रेडिएटर. इंजिन पूर्ण गार असतानाच झाकण उघडावे. गरम असताना उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. हे घरातल्या पोरांना आणि ड्रायव्हरला बजावून सांगा. पाणी काठोकाठ भरा, पातळीची खूण करा आणि आठ दिवस रोज सकाळी पाहा. नळी, क्लिप, वॉटर पंप कुठेही बाहेर गळती नाही आणि तरी पाणी घटते आहे, तर ते आतच जाते आहे. पाण्यावर ऑइलचा तवंग दिसतो का, तेही पाहा. ऑइल कूलर फुटला असेल तर गाडी चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल पाण्यात जाते. बंद केल्यावर गार होईपर्यंत पाण्याचा दाब राहतो, म्हणून पाणी ऑइलमध्ये जाते. मग दोन्हीकडे घाण दिसते.

याच वेळी आणखी एक गोष्ट. गार इंजिनाचे रेडिएटर झाकण काढून गाडी सुरू करा आणि दोन-तीन मिनिटे पाण्याकडे बघा. सुरुवातीची हवा निघून गेल्यावरही बुडबुडे एकसारखे येत राहिले, रेस केल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. म्हणजे गॅस्केट किंवा हेड. पाणी तापू लागले की ही तपासणी थांबवावी. मात्र दुसऱ्या पायरीत चेंबरमधून पाणी आले असेल किंवा कांडीचे टोक दुधाळ असेल, तर गाडी सुरू करून करायची ही परीक्षा करू नये.

पायरी पाचवी : तव्याची परीक्षा. प्रयोगशाळेशिवाय ऑइलमधले पाणी ओळखण्याची ही जुनी आणि भरवशाची रीत आहे. टाकाऊ तवा किंवा पत्रा शेगडीवर चांगला तापवा. पाण्याचा थेंब टाकताच नाचून उडाला पाहिजे. आधी नव्या ऑइलचा एक थेंब टाका. तो नुसता पसरेल, थोडा धूर येईल. मग इंजिनातल्या ऑइलचा एक थेंब टाका. तडतड झाली, बुडबुडे फुटले, म्हणजे पाणी आहे. मोहरी तडतडावी तशी ती ऐकू येते. हजारात एक भाग पाणी असले तरी ही परीक्षा ते दाखवते. थेंब एकच टाकावा, चेहरा दूर ठेवावा, डिझेलचा कॅन जवळ नसावा आणि तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नये. पाणी आहे की नाही एवढेच ही परीक्षा सांगते. कोठून आले, ते बाकीच्या पायऱ्यांवरून ठरवायचे.

पायरी सहावी : धूर. सकाळी सुरू केल्यावर पांढरी वाफ निघाली आणि इंजिन तापल्यावर नाहीशी झाली, तर काळजी नाही. इंजिन तापूनही पांढरा धूर चालूच राहिला तर दोन शक्यता. धुराने डोळे चुरचुरत असतील आणि कच्च्या डिझेलचा वास असेल तर नोझल किंवा टायमिंगचा दोष. वाफेसारखा ओलसर धूर असेल आणि सोबत रेडिएटरचे पाणी घटत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जळते आहे. कूलंट घातलेल्या गाडीत त्याला गोडसर वास येतो.

पायरी सातवी : चालवून पाहणे. कांडीचे टोक स्वच्छ आहे, पातळी वाढलेली नाही आणि रेडिएटरचे पाणी घटत नाही, एवढी खात्री असेल तरच ही पायरी करावी. झाकण आणि कव्हरचे तोंड कापडाने पुसून घ्या. गाडी ओझ्यावर सलग पाऊण ते एक तास चालवा. दुसऱ्या दिवशीही तसेच करा. आठ दिवसांत थर पुन्हा धरला नाही तर ओलावा जळणाचाच होता. गाडी नीट तापूनही थर परत आला, तर वाट दुसरी आहे आणि फिटरला बोलवायची वेळ झाली.

दोन उदाहरणे

पहिले समजा असे. जीप रोज स्टेशन आणि बाजारापुरती चालते. जानेवारीत झाकणाला थर आला. कांडीचे टोक स्वच्छ, रेडिएटर काठोकाठ, धूर पाच मिनिटांत नाहीसा. तव्यावर जेमतेम एक-दोनदा तडतड. तापमानाचा काटा मात्र कधी मध्यावर येतच नाही. इथे हेडला हात लावण्याचे कारण नाही. विचारावे ते थर्मोस्टॅटविषयी. आपल्याकडे उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. गाडी तापते म्हणून उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि मग विसरून जायचे, ही चाल फार दिसते. मग थंडीत पाणी सतत रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन गारच राहते. साधारण ८० ते ८५ अंशांना उघडणारा हा लहानसा भाग आहे. तो ठीक आहे का हे पाहायचे असेल तर दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडावा आणि पाणी तापवावे. पाणी उकळीला येण्याआधी तो उघडला पाहिजे, आणि गार झाल्यावर मिटला पाहिजे. गाडी उन्हाळ्यात तापत असेल तर रेडिएटर साफ करावा, पट्टा पाहावा. थर्मोस्टॅट काढणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

दुसरे समजा असे. ट्रॅक्टर दिवसभर दोन ट्रॉल्या ओढतो, म्हणजे तापण्याचा प्रश्नच नाही. तरी कांडीच्या टोकाला दुधाळ ऑइल, दर दोन दिवसांनी रेडिएटरला लिटरभर पाणी, बाहेर गळती नाही. इथे "थंडीचं आहे" म्हणून भागणार नाही. ट्रॅक्टर जागेवर उभा करा. ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडा, पण हा चालवू नका. आता फिटरला एक विनंती करावी. हेड उतरवण्याआधी चेंबर खोलून, रेडिएटरला हातपंपाने गाडीच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा आणि खालून बॅटरी लावून पाहावे. पाणी लायनर आणि ब्लॉकच्या सांध्यातून टिपकत असेल तर रबरी रिंगा गेल्या आहेत. तिथे नुसते गॅस्केट बदलून पाणी थांबणार नाही. सिलिंडरच्या आतून, पिस्टनवरून येत असेल तर हेड, गॅस्केट किंवा लायनरचे भोक. अर्ध्या तासाच्या या तपासणीने चुकीच्या जागी होणारा खर्च वाचतो. हेड उतरवलेच तर ते सपाट आहे का हे पट्टी लावून पाहिल्याशिवाय आणि नट कंपनीने सांगितलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळल्याशिवाय परत बसवू देऊ नये. दुरुस्तीनंतर ऑइल आणि फिल्टर नवे घालावेत. दुधाळ ऑइल गाळून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा.

पुरात बुडालेले इंजिन

ऑक्टोबर २०२० मधली अतिवृष्टी आणि सप्टेंबर २०२५ मधला सीनेचा महापूर आपल्या जिल्ह्याने सोसला. सीना आणि भीमा यांच्या काठच्या आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्याला हा अनुभव नवा राहिलेला नाही. पाणी ओसरल्यावर प्रत्येकाचा हात आधी सेल्फकडे जातो : "बघू तर, चालू होतंय का." हेच करू नये.

हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पेलाभर पाणी असताना सेल्फ मारला किंवा गाडी गिअरमध्ये टाकून ओढली, तर पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जे इंजिन धुऊन-पुसून चालू झाले असते, ते एका सेल्फने मोडते.

क्रम असा ठेवावा. आधी बॅटरी सोडवा. विमा असेल तर फोटो काढून विमा कंपनीला कळवा आणि त्यांचे सांगणे आल्याशिवाय काही खोलू नका. मग बाहेरचा गाळ धुऊन घ्या. एअर क्लीनर खोलून पाणी कुठवर गेले ते पाहा. नोझल काढून इंजिन हाताने सावकाश फिरवा, आत असलेले पाणी भोकांतून बाहेर पडेल. त्या वेळी तोंड भोकांवर नको. चेंबर, गिअर आणि हायड्रॉलिकचे ऑइल, डिझेल टाकी, फिल्टर सगळे रिकामे करा. नवे ऑइल-डिझेल भरून, सगळे जोडून, इंजिन थोडा वेळ चालवा आणि ते ऑइल पुन्हा सोडून दुसरे भरा. पहिले ऑइल धुण्यासाठी, दुसरे चालवण्यासाठी. हे सगळे जितक्या लवकर होईल तितके बरे, कारण उघड्या पडलेल्या लायनरला गंज धरायला फार दिवस लागत नाहीत.

विहिरीवरचे इंजिन आणि पेट्रोलची गाडी

विजेचा भरवसा नसलेल्या मळ्यांत डिझेल इंजिन अजून टिकून आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली. तेव्हापासून शेतकऱ्यांच्या पिढ्या या इंजिनांवर शिकल्या. ज्या इंजिनाला विहिरीचेच पाणी आत जाऊन बाहेर पडते, त्याला थंडीत एक धोका असतो. गार पाणी भरमसाट फिरले की इंजिन तापतच नाही आणि चेंबरमध्ये काळा-पांढरा गाळ धरतो. उपाय सोपा. आत जाणारे पाणी कॉकने बेताचे ठेवा. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात क्षणभरच धरवेल इतके ते गरम असावे. पाणी जितके गार तितके इंजिन सुखी, ही समजूत चुकीची आहे.

पेट्रोलच्या गाडीविषयी. सध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि त्यातला काही वाटा उसापासून येतो, म्हणजे त्यात आपलाही घाम आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि काही मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात आणि गाडी सुरू होत नाही किंवा झटके देते. म्हणून टाकीच्या झाकणाचे रबर चांगले ठेवावे, पावसात उघड्या डब्यातून पेट्रोल भरू नये आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलमध्ये जुने पेट्रोल साठवू नये. टाकीतल्या या पाण्याचा आणि झाकणाखालच्या लोण्याचा संबंध नाही. दोन्हींची गल्लत करू नये.

सांभाळायच्या गोष्टी

१. आठवड्यातून एकदा गाडी ओझ्यावर सलग पाऊण तास चालवावी. जागेवर उभी करून तास-तास चालू ठेवण्याने डिझेल जळते, ऑइल तापत नाही. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापले असेही नाही. ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

२. ब्रीदरची नळी आणि जाळी दर ऑइल बदलाला साफ करावी. ती तुंबली तर वाफेला बाहेर जायला वाटच राहत नाही.

३. ऑइल किलोमीटरवर किंवा तासांवर तर बदलावेच, पण कमी चालणाऱ्या गाडीचे मुदतीवरही बदलावे. "चाललीच कुठं, कशाला बदलायचं," हा हिशेब उलटा आहे. कमी आणि तुकड्यातुकड्याने चालणाऱ्या गाडीचेच ऑइल ओलाव्याने लवकर खराब होते.

४. हंगाम संपताच, ट्रॅक्टर उभा करण्याआधी ऑइल बदलावे, पुढच्या हंगामाच्या तोंडी नव्हे. जुन्या ऑइलमधले पाणी आणि आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहू देऊ नये. डिझेल टाकी भरून ठेवावी. सायलेन्सरवर डबा घालावा, आणि सुरू करण्याआधी काढायला विसरू नये.

५. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नळ आठवड्याला सोडून पाहावा. नवीन कॉमन रेल इंजिनांत ही गोष्ट फारच महत्त्वाची आहे. त्यांचे नोझल पाणी सोसत नाहीत आणि स्वस्त नसतात.

६. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षाराचे पाणी घालू नये. कंपनीने सांगितलेले कूलंट योग्य प्रमाणात घालावे. क्षाराने रेडिएटर चोंदतो, आणि तापलेले इंजिन हेच फुटलेल्या गॅस्केटचे मूळ असते.

फिटर आपला शत्रू नाही. पण मालकाने आठ दिवसांच्या रेडिएटरच्या खुणा, कांडीचा रंग आणि तव्याची तडतड सांगितली, तर चांगल्या फिटरचे काम सोपे होते आणि घाईच्या फिटरचा पाना थोडा थांबतो. उसावरचा रोग आपण पान उलटून, खोड चिरून, मूळ उपटून पाहिल्याशिवाय औषध मारत नाही. इंजिनालाही तोच न्याय लावावा. हे पान कापून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा आणि ड्रायव्हरला एकदा वाचून दाखवा.

— ऊस विकास अधिकारी